निळी रेषा, लाल रेषा आणि पार्किंगमधलं पाणी

पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं ते सगळ्यांना माहितीये, 12 जुलै 1961, घरात जुनं माणूस असेल तर तुमचं ऐकून ऐकून पाठ झालं असेल, त्यामुळे तिथे थांबत नाही. एवढंच की त्यानंतर पुण्यात पूर म्हणजे धरण फुटणं असंच डोक्यात बसलं. धरण ठणठणीत, दरवाजे शिस्तीत उघडलेत आणि तरी घरात पाणी, याचा विचार फार उशिरा सुरू झाला.

कागदोपत्री तो 1989 ला झाला. राज्याच्या परिपत्रकात नदीकाठाला दोन रेषा आल्या. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, 100 वर्षांतून एकदाचा पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकाम नको, निळी ते लाल मध्ये अटी घालून चालेल. मुठा नदीला पुण्यात निळीसाठी 60 हजार क्युसेक धरतात आणि लालसाठी 1 लाख. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर.

आता या "25 वर्षांतून एकदा"ने जो घोळ घातलाय ना, तो अजून निस्तरला नाहीये. अभ्यासकांच्या भाषेत याचा अर्थ दरवर्षी 100 मध्ये 4 शक्यता, बास. मागच्या वर्षी येऊन गेला तरी यंदा परत 4च. लोक काय ऐकतात, तर 2019 ला येऊन गेला, आता 2044 पर्यंत निवांत. आणि 30 वर्षांचं होमलोन घेतलंत तर हप्ते फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी बघायची शक्यता 70 टक्के निघते, लाल रेषेवाला पूरसुद्धा 26 टक्के. गणित सोपं आहे, कॅल्क्युलेटरवर होतं, पण फ्लॅट घेताना कुणी कुणाला सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दुसरा घोळ त्या 60 हजाराचा. बऱ्याच जणांना वाटतं की धरणातून 60 हजार क्युसेक सोडेपर्यंत आपण कोरडे. अहो, ती रेषा म्हणजे 60 हजाराला पाण्याची कड! तिच्या आत जो राहतो त्याच्याकडे पाणी कितीतरी आधी येणार. 25 जुलै 2024 ला पहाटे सिंहगड रोडला एकतानगरीत हेच झालं, विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, 35 हजारांच्या आसपास, म्हणजे 60 च्या निम्म्यापेक्षा जरासाच जास्त, आणि लोकांना बोटीतून बाहेर काढायला लागलं. मग नेहमीचं सुरू, आम्ही कळवलं होतं, आम्हाला कळलंच नाही, धरणाच्या खालच्या भागातच पाऊस जास्त झाला. यातलं शेवटचं खरं असू शकतं, ओढ्यानाल्यांचं पाणी धरणाच्या दरवाज्यातून येत नाही, पण मग इशाऱ्याच्या मेसेजमध्ये नुसता धरणाचा आकडा का?

तो मेसेज बघितलाय ना, "विसर्ग वाढवून अमुक क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे". क्युसेकवरून गाडी काढायची का नाही हे कुणाला कळणार? पुणेकराचं माप वेगळं आहे, नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला का. तेवढं कळलं की निम्मं शहर नदीचा अंदाज घेतं.

मधल्या काळात विकास आराखड्यातल्या रेषा आणि धरणवाल्यांच्या नकाशातल्या रेषा जुळत नाहीत अशी तक्रार झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2022 पासून नदीकाठ सुधारणेची कामं सुरू झाली, ज्यात पात्र आवळलं जातंय असं एक बाजू म्हणते आणि उलट नदीची पाणी वाहून न्यायची क्षमता वाढेल असं दुसरी. मला पहिलीचं जास्त पटतं, पण ते असो.

नदीजवळच्या एका सोसायटीत मित्राकडे गेलो होतो. पार्किंगच्या खांबावर वॉचमनने ऑइलपेंटने दोन रेघा मारल्यात, खाली 2019, वर 2024. नवीन भाडेकरू आला की तो आधी त्या दाखवतो आणि म्हणतो, टू-व्हीलर वरच्या रॅम्पवर लावा.