घराभोवतीची पायवाट (पुणे)

घराभोवतीची पायवाट : फाटकापासून दारापर्यंत आणि तिथून जोत्याला लागून मागच्या अंगणापर्यंत जाणारी, पायी चालण्यासाठी बांधून काढलेली वाट. बंगल्याची, रो-हाउसची आणि सोसायटीच्या इमारतीभोवतीची वाट हे सगळे प्रकार यात येतात. पुण्यात वर्षाला सरासरी ७० सेंमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एरवी निर्धोक वाटणारी फरशी याच चार महिन्यांत शेवाळते. म्हणून वाटेची लाइनदोरी (आखणीची दोरी) धरण्याआधी गच्चीचे, अंगणाचे आणि धुण्याचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे ठरवावे लागते.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत मोकळी जागा घराच्या पोटात असे. चौकात दगडी फरसबंदी, तिचा ढाळ मोरीकडे आणि भोवतीने उंचावर ओसरी. भर पावसातही पाणी चौकातून आणि माणसे ओसरीवरून जात. डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता या भागांत बंगले उभे राहिले तेव्हा ही मोकळी जागा घराबाहेर गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतल्या अनेक कुटुंबांना दुसरीकडे घरे शोधावी लागली आणि शहराची बाहेरच्या बाजूला वाढ आणखी वेगाने झाली. नव्या घरांभोवती अरुंद पट्टे उरले आणि त्याच पट्ट्यांतून माणसे, पाणी, ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी आणि दुचाकी यांना वाट काढावी लागली. आजच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

जोत्यालगतच्या पट्ट्याला बांधकामाच्या भाषेत ‘प्लिंथ प्रोटेक्शन’ म्हणतात. घराच्या पायात पाणी मुरू नये म्हणून तो असतो, तेव्हा त्याचा ढाळ भिंतीपासून बाहेर हवा. मीटरमागे दोन सेंमी उतार पुरतो; आडवा उतार याहून जास्त ठेवला तर वयस्कर माणसाचा तोल एका बाजूला जातो. गच्चीचे पाइप वाटेवर मोकळे सोडणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. पाइपाखाली फरशीवर हिरवा पट्टा धरतो आणि तो बरोबर वळणावर, म्हणजे पाय फिरतो त्याच जागी असतो. पाइप वाटेखालून पुढे नेऊन शोषखड्ड्यात किंवा गटारात सोडावा. चेंबरचे झाकण फरशीच्या पातळीत बसवावे; दोन सेंमी वर आलेली कड ठेच लागायला पुरेशी होते.

खालची जमीन पाहिल्याशिवाय फरशी निवडू नये. टेकड्यांच्या उतारावर मुरूम लवकर लागतो आणि काम सोपे होते. काळी माती मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी उचलते. तिथे माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने दुरमुस करावा (ठोकून दाबावा), त्यावर दगडांचे सोलिंग (दगड बसवून केलेला थर) आणि पीसीसी (सळ्यांशिवायचे काँक्रीट) घ्यावे. पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर कचेचा (दगडाच्या बारीक चुऱ्याचा) थर द्यावा आणि दोन्ही कडांना पक्की कर्ब (ब्लॉक अडवणारी कड) बांधावी. कर्बशिवाय घातलेले ब्लॉक वर्षभरात पसरतात. नुसते चालण्यासाठी ५० मिमी जाडी पुरते, गाडी वर येणार असेल तर ६० ते ८० मिमी घ्यावी.

शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या. त्या पायांनी घासून गुळगुळीत होतात. उघड्यावर वापरायच्या तर टाकी (छिन्नी) मारून खरखरीत केलेल्या घ्याव्यात. ग्रॅनाइट फ्लेम फिनिशचाच (आगीच्या झोताने खरखरीत केलेला) हवा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट दारापुढे लावणे धोक्याचे आहे, आणि त्यावर रांगोळी घातली की कोरड्या दिवसांतही पाय सरकतो. रांगोळीसाठी दाराच्या एका बाजूला खरखरीत दगडाचा चौकोन राखावा, म्हणजे ये-जा करणाऱ्याला ती तुडवावी लागत नाही.

रुंदी ठरवताना वाटेवरून कोण काय घेऊन जाणार आहे ते बघावे. एका माणसाला ९० सेंमी पुरतात. गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावरून किंवा तळाच्या कडेवर गोल फिरवत आणणारा माणूस, स्ट्रेचर, कपाट यांना १.२ मीटर लागतात. मागच्या दाराची वाट घरकामाच्या मावशी, माळी आणि गॅसवाले दिवसभर वापरतात, तरी उरलेल्या तुकड्यांची फरशी तिथेच लावली जाते. ओली भांडी, धुण्याचे पाणी आणि साबण यांमुळे सगळ्यांत खरखरीत फरशी खरे तर तिथे हवी.

एकटी पायरी टाळावी. आठ-दहा सेंमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र नेमका सापडतो. पायऱ्या लागणारच असतील तर प्रत्येकीची उंची १५ सेंमी, रुंदी ३० सेंमी आणि सगळ्या सारख्या ठेवाव्यात. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्यावी. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर त्याचे प्रमाण १:१२ (एक सेंमी उंचीला बारा सेंमी लांबी) धरतात. जोते ४५ सेंमी उंच असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर होते. समोर तीन-साडेतीन मीटरच जागा असली की तो सरळ बसत नाही. तेव्हा बाजूच्या भिंतीलगत वळवावा, वळणावर दीड मीटरची सपाट जागा सोडावी आणि ८० ते ९० सेंमी उंचीवर कठडा बसवावा. मुले परगावी किंवा परदेशी असलेली वयस्कर जोडपी अनेक बंगल्यांत एकटी राहतात. चाकाची खुर्ची घरात येईपर्यंत उताराचा विचार पुढे ढकलू नये.

झाडे राखून वाट वळवावी. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे फरशी उचलतात. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी. पडलेली जांभळे आणि उंबराची फळे रोज झाडावी लागतात. टेकड्यांलगतच्या सोसायट्यांत नाग, घोणस, मण्यार पावसाळ्यात वाटेवर येऊ शकतात, म्हणून कडेची दाट झुडपे छाटून दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवावी. दिवे कमी उंचीचे, खाली प्रकाश टाकणारे असावेत. उंच खांबावरचा एकच प्रखर दिवा पायरीवर आपलीच सावली पाडतो.

शेवाळ काढायला ब्लीचिंग पावडर, पाणी आणि कडक खराटा पुरे. ॲसिड घालू नये. ते चुनखडीची फरशी खाते आणि ब्लीचिंगमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरात खचलेले ब्लॉक उचलून कच भरून परत बसवावेत आणि सांध्यांत वाळू घालावी.