रिझोल्यूशन वाढवलं म्हणून गेम वाइडस्क्रीन होत नाही

जुन्या गेमबद्दल ‘१९२०×१०८० केलं, झाला गेम वाइडस्क्रीन!’ हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता स्क्रीनशॉट न बघताच म्हणतो, नाही झाला. वाइडस्क्रीन म्हणजे रुंद पडद्यावर बाजूंचं जग जास्त दिसायला हवं.

रिझोल्यूशन तुम्हाला ठाऊकच आहे. चित्र किती पिक्सेलांत काढायचं, एवढंच ते सांगतं. त्या चित्रात समोरचं जग किती मावणार, हे ठरवतो एफओव्ही, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन. मॉनिटर सरसकट ४:३ (रुंदी ४, तर उंची ३; आताचे रुंद पडदे १६:९) होते तेव्हा रिझोल्यूशन कितीही बदललं तरी कोनाला हात लावावा लागत नसे. गोंधळाचं मूळ तिथलंच.

४:३ चं चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं तर निदान कळतं तरी. चाक अंड्यासारखं होतं, माणसं बसकी दिसतात. (त्यापेक्षा १४४०×१०८० ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडलेल्या बऱ्या. मला ताणलेलं चित्र बघवत नाही.) माणूस फसतो तो चित्र न ताणता कापलं जातं तेव्हा.

१९९९ चा ‘क्वेक ३ अरीना’ हा बंदूकबाजीचा ३डी गेम घ्या. गेमच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आर_मोड -१, आर_कस्टमविड्थ १९२०, आर_कस्टमहाइट १०८०, मग बदल लागू करायला व्हिड_रिस्टार्ट. गोल ते गोल, कडा धारदार, आपण खूश. पण इथला सीजी_एफओव्ही, म्हणजे एफओव्हीची सेटिंग, हा आडवा कोन आहे, आणि तो अजून ९० वरच बसलाय. आडवा कोन तोच आणि पडदा रुंदीच्या मानाने बुटका, म्हणून गेम उभा कोन ७३.७ अंशांवरून ५८.७ वर आणतो. वरून-खालून मिळून उभ्या दृश्याचा चौथा हिस्सा गेला! बंदूक उगाच मोठी वाटते, पायाशी पडलेली गोळ्यांची पेटी दिसत नाही, उडालेला शत्रू लवकर पडद्याबाहेर जातो. खात्री करायची तर एकाच जागी उभं राहून ४:३ आणि १६:९ असे दोन स्क्रीनशॉट काढा आणि सारख्या रुंदीचे करून एकाखाली एक ठेवा. डाव्या-उजव्या कडेला दोन्हींत तोच खांब, तीच भिंत. मग रुंद पडद्याने दिलं काय?

उपाय म्हणजे सीजी_एफओव्ही १०६. उभा कोन पूर्वीचाच राहतो आणि बाजूंना खरोखर जास्त दिसतं. ‘पडदा एक तृतीयांशाने रुंद, मग ९० चे १२० करा’ असा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. एक तृतीयांशाने वाढते ती पडद्याची रुंदी, म्हणजे अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. अंश त्या पटीत वाढत नाहीत. १२० ला समोरचा माणूस काडेपेटीएवढा होतो आणि कडा ओढल्यासारख्या दिसतात. १०६ केल्यावर बंदूक किंचित खाली सरकेल. ते गेम मुद्दाम करतो, बिघाड नाही.

हेल्थचे आकडे मात्र आडवे फुगलेलेच राहतात, कारण पडद्यावरची ही आकड्यांची पट्टी ६४०×४८० च्या हिशोबाने काढून पडदाभर ताणली जाते. कोनाचा तिथे काही संबंध नाही.

मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ सारख्या वरून बघायच्या २डी गेमला यातलं काहीच लागू नाही. तिथे पिक्सेल म्हणजेच जमीन. १०२४×७६८ वरून १२८०×१०२४ वर गेलात की नकाशा खरोखर जास्त दिसतो, फक्त गावकरी मुंगीएवढे होतात.