घरची भाषा इंग्रजीच्या आड येत नाही

‘घरात मराठी-कोकणी बोललात तर पोराचं इंग्रजी कच्चं राहील’ हे गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे. ‘माड’मधला ‘मा’ काढल्यावर काय उरतं हे ओळखणारं मूल इंग्रजी अक्षरंही सहज जोडतं, कारण ध्वनी सुटे करण्याचं कसब भाषा बदलली तरी टिकतं. बिघडवतात ते ‘वॉटर पी, शूज घाल’ असले तुटके हुकूम. त्यांत ना कारण, ना क्रम. त्यापेक्षा सोलकढी करताना विचारा, ‘सोलं आधी का भिजवायची?’ आणि ५ सेकंद गप्प बसा. बहुतेक घरांत नेमकं हेच जमत नाही, उत्तर आईच देऊन टाकते. शिवाय रोज १० मिनिटं चित्रांचं पुस्तक. तेच तेच मागितलं तरी वाचा.