गोव्यातल्या प्रॉपर्टी वेबसाइटचा गूगलवर नंबर कितवा आणि तो मोजायचा कसा

पर्वरीत किंवा म्हापशात प्रॉपर्टीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा की तुमची वेबसाइट गूगलवर कितवी येते, बहुतेक जण तिथल्या तिथे मोबाइल काढून सर्च करून दाखवतात. पण त्या मोबाइलवर दिसतं ते त्या मोबाइलपुरतंच असतं. तुम्ही कुठे आहात, कुठल्या भाषेत शोधताय, आधी काय काय शोधलंय यावर रिझल्ट थोडेफार बदलतात, आणि जागेशी बांधलेल्या धंद्यात तर जरा जास्तच. मडगावात बसून 'प्रॉपर्टी एजंट' शोधलंत तर नकाशाच्या चौकटीत मडगावच्या आसपासचेच एजंट वर येणार. लोकल रिझल्ट कशावर ठरतात ते गूगलने स्वतःच सांगितलंय, शोधाशी संबंध किती, अंतर किती आणि नाव किती जाणतं. आणि आपलं गिऱ्हाईक बसलेलं असतं पुण्यात नाहीतर दुबईत! त्याला काय दिसतंय ते आपल्या फोनवर कळायचं नाही.

म्हणजे 'आमचा नंबर कितवा' याला एक उत्तरच नाहीये, शोध बदलला की नंबर बदलतो. म्हणून सगळ्या शोधांची मिळून सरासरी बघावी लागते, आणि ती गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात फुकट मिळते, फक्त साइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं. तिथे चार आकडे दिसतात: किती वेळा दिसलात, किती क्लिक आले, दिसण्यातले किती टक्के क्लिक झाले आणि सरासरी स्थान. आता या सरासरीनेच लोक घाबरतात. समजा महिन्याला तुम्ही २०० वेळा दिसत होतात आणि दरवेळी पाचव्या जागी. मग आसगाव, शिवोलीबद्दल नवीन पानं टाकलीत आणि ती आणखी ३०० वेळा दिसली, पण पंचेचाळिसाव्या जागी. जुनी पानं आहेत तिथेच आहेत, एकही क्लिक कमी झालेला नाही, तरी सरासरी पाचवरून एकदम २९ वर! कन्सोल उघडून कुणीतरी म्हणणार साइट पडली, आणि चांगलं चाललेलं काम बंद करून टाकणार. म्हणून एकूण सरासरी बघूच नका, एक पान आणि एक शोध धरून बघा.

तसं बघितलं की रोग आपोआप कळतो. पान कुठल्याच शोधात दिसत नसेल तर बहुधा ते गूगलच्या सूचीतच नाहीये, कन्सोलमधल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाकून बघा. तिसाव्या-चाळिसाव्या जागी दिसत असेल तर सूचीत आहे पण मजकुरात दम नाही किंवा बाहेरून कुणी लिंक दिलेली नाही. आणि पाचव्या-सहाव्या जागी भरपूर वेळा दिसूनही कुणी क्लिक करत नसेल तर टायटल, म्हणजे रिझल्टमध्ये दिसणारं पानाचं शीर्षक, बदला, 'ड्रीम होम्स अवेट यू' असल्या टायटलवर कोण बोट ठेवणार?

ही सूची म्हणजे नेमकं काय? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी, तसलीच पण अख्ख्या वेबची. तुम्ही शोधता तेव्हा गूगल वेब वाचत बसत नाही, आधीच बनवलेली सूची चाळतं. आणि सूचीतल्या सगळ्या शब्दांना सारखं वजन दिलं तर काही उपयोग नाही. कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये मांडलं की जो शब्द जितक्या कमी कागदपत्रांमध्ये सापडतो तितका तो शोधायला जास्त कामाचा. आज गूगलचं गणित याच्या कितीतरी पुढे गेलंय, २०१९ पासून बर्टसारखी भाषा समजणारी मॉडेल वाक्याचा अर्थही लावतात, पण बाईंचा मुद्दा अजून पक्का आहे आणि गोव्यातल्या एजंटसाठी मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'लक्झरी', 'व्हिला', 'गोवा', 'नियर बीच' हे शब्द हजारो पानांवर आहेत, त्यांनी तुमचं पान वेगळं पडतच नाही. पण सनद (बिगरशेती वापराची परवानगी) झालेली आहे का, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) नावं कुणाची, जमीन सेटलमेंट झोनमध्ये (वस्तीसाठीच्या पट्ट्यात) आहे का, घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर हक्काने राहणारा) आहे का, जागा कोमुनिदादची (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) तर नाही ना, पावसात वाड्यापर्यंत गाडी जाते का, हे किती पानांवर लिहिलेलं असतं? लाखो रुपये घालणारा माणूस नेमकं हेच शोधत असतो. आणि तुम्हाला ते माहीत असतं, फोनवर रोज सांगता, फक्त साइटवर लिहीत नाही. रेराचा, म्हणजे रिअल इस्टेट नियामकाकडच्या नोंदणीचा, नंबरही ठळक टाका, त्यामुळे गूगल पान वर चढवतं असं नाही, पण वाचणारा थांबतो आणि फोन करतो.

गावांच्या नावांचंही तेच. मराठीत आपण फोंडा, डिचोली, साखळी, काणकोण म्हणतो आणि रोमन लिपीत पोंडा, बिचोलिम, सांकेलिम, कानाकोना असं वाचता येईल असं लिहिलं जातं. मोठ्या गावांचं गूगल जुळवून घेतं, लहान वाड्यांच्या बाबतीत भरवसा नाही, म्हणून दोन्ही नावं पानावर सहज येतील असं लिहा.

आता एक गोष्ट जी मालकांना दिसत नाही पण साइटला आतून पोखरते, ती म्हणजे घरं गाळून दाखवणारे फिल्टर. गोव्याचे तालुके १२, प्रॉपर्टीचे प्रकार समजा ५, बजेटचे टप्पे ६, बेडरूमचे पर्याय ४ आणि क्रम लावायच्या पद्धती ३, गुणाकार केलात तर पानांचे ४३२० वेगवेगळे वेब-पत्ते होतात! आणि खऱ्या प्रॉपर्टी असतात साठ. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, बिचारा तीच साठ घरं उलटसुलट क्रमाने वाचत बसतो आणि काल टाकलेलं नवीन घर मागे राहतं. लहान साइटला एरवी ही काळजी नसते, फिल्टरमुळे ती उगाच मोठी होते. फिल्टरचे फालतू पत्ते रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने काय वाचू नये ते सांगणाऱ्या साइटवरच्या फाइलमध्ये) अडवायचे आणि महत्त्वाच्या गावांची पानं तेवढी नीट बनवायची. विकलेल्या घराचं पान हटवलंत तर सर्व्हरने ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान काढून टाकलंय) असं स्पष्ट सांगावं, सगळं होमपेजवर ढकललंत तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे न सांगता गायब झालेलं पान, समजतं. आणि प्रॉपर्टीच्या मोठ्या पोर्टलवर टाकलेलं वर्णन जसंच्या तसं साइटवर चिकटवू नका. त्याची शिक्षा होते असं लोक म्हणतात ते खरं नाही, पण सारख्या पानांमधून गूगल एकच दाखवायला निवडतं आणि बऱ्याचदा ते पोर्टलचं असतं.

आता बाहेरून मिळणाऱ्या लिंकचं. तिला किंमत देण्याचं मूळ म्हणजे १९९८ चा पेजरँक, गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा. कल्पना अशी की एखादा माणूस लिंकवर लिंक दाबत वेबवर भटकतोय, दर वेळी ८५ टक्के शक्यता की पुढची लिंक दाबेल, नाहीतर कंटाळून भलत्याच पानावर उडी मारेल, आणि असा भटकताना तो ज्या पानावर जास्त वेळा पोचतो ते पान महत्त्वाचं. म्हणून कोण लिंक देतंय याला किंमत. पैसे देऊन शेकडो लिंक घेणाऱ्यांना गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटने चांगलाच दणका दिला होता, तरी अजून 'महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी' म्हणत लोक फोन करतात. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही असं गूगलनेच लिहून ठेवलंय, फोन ठेवून द्या.

स्पीडबद्दल थोडक्यात. ड्रोनचे मोठमोठे फोटो जसेच्या तसे चढवू नका, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये करून लहान करा. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, तोही शंभरातल्या निदान ७५ भेटींमध्ये, हा गूगलचा मापदंड आहे आणि तो तुमच्या ऑफिसच्या वायफायवर मोजला जात नाही, लोकांच्या खऱ्या फोनवर मोजला जातो.

बदल केलात की तारीख लिहून ठेवा, एका वेळी एकाच प्रकारचा बदल करा आणि काही आठवडे जाऊ द्या. आणि डिसेंबरची तुलना जूनशी कधीच करू नका, नाताळच्या सुमाराला अख्खा देश गोवा शोधत असतो, तेव्हा दिसण्याचे आकडे तुम्ही काही न करताही वाढतात. कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा राहतो, तेव्हा या डिसेंबरसमोर मागचा डिसेंबरच ठेवा, आणि त्याहून जुने आकडे हवे असतील तर ते पुसले जायच्या आधी शीटमध्ये उतरवून घ्या.