कावीळ, कोवळे ऊन आणि ड जीवनसत्त्व

नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला खिडकीतल्या कोवळ्या उन्हात निजवावे, म्हणजे कावीळ उतरते आणि ड जीवनसत्त्वही मिळते, असा समज घरोघरी आढळतो. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे प्रकाशाच्या दोन वेगळ्या पट्ट्यांची आहेत.

काविळीत शरीरात साठणारे बिलिरुबिन हे रंगद्रव्य पिवळे दिसते, कारण ते सुमारे 460 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे रेणूची घडी बदलते आणि तो यकृतातील नेहमीच्या प्रक्रियेविनाच पित्तातून व लघवीतून बाहेर पडू शकतो. इंग्लंडमध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 1958 मध्ये मांडलेली प्रकाशोपचार पद्धती याच गुणधर्मावर उभी आहे.

ड जीवनसत्त्वाची कथा मात्र 290 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील ब किरणांची. बाह्यत्वचेतील 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल हा कोलेस्टेरॉलसारखा रेणू हे किरण शोषतो, त्याच्या चार कड्यांपैकी एक कडी तुटते आणि पूर्व-जीवनसत्त्व तयार होते. पुढे केवळ शरीराच्या उष्णतेने त्याचे ड3 मध्ये रूपांतर होते. ऊन जास्त झाले, तर तेच किरण जादा पूर्व-जीवनसत्त्वाचे ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल या निष्क्रिय रेणूंत रूपांतर करतात, म्हणूनच उन्हाने या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. इतकी सुबक स्वयंनियंत्रणाची रचना गोळीत कुठून असणार! खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, निळा प्रकाश मात्र आत सोडते. सकाळच्या तिरप्या उन्हातही ते फार थोडे असतात, कारण त्यांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे बाळांना ड जीवनसत्त्वाचे रोज 400 एककांचे (आययू) थेंब देण्याची शिफारस केली जाते. आणि काविळीवरही उन्हाचा भरवसा धरू नये, कारण त्याची मात्रा मोजता येत नाही.

पिवळ्या त्वचेतील बिलिरुबिन काही अतिनील किरण शोषत असले, तरी मोठ्यांच्या काविळीत खरा अडसर त्वचेच्या पुढच्या टप्प्यांवर असतो. पित्तनलिका अडली की आहारातील मेदात विरघळणारे ड जीवनसत्त्व आतड्यात नीट शोषले जात नाही. यकृत फारच खराब झाले, तर ड जीवनसत्त्वाला 25-हायड्रॉक्सी हे पुढचे रूप देण्याचे यकृताचे कामही मंदावते. उन्हातून त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व आतड्याला वळसा घालून थेट रक्तात उतरते, एवढा दिलासा अशा रुग्णाला असतो.

कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घातलेली काड्यांची माळ लांबते, आणि त्यावरून कावीळ उतरली असे मानले जाते; पण ती लांबते, ती ओल्या काड्या सुकून गाठी सैल झाल्यामुळे. हिपॅटायटिस ए ही विषाणूमुळे होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. मात्र पित्तनलिकेतील खडा माळ लांबल्याने हलत नाही, आणि तेवढ्या काळात रुग्णाच्या ड जीवनसत्त्वाबरोबरच अ, ई आणि के यांचेही शोषण खुंटलेले असते.