बँजोवरचा ब्लूज: मींड गळ्याची, ठोका तारेचा

आपल्याकडे बँजो म्हटलं की मिरवणुकीतला, पट्ट्या दाबून वाजवायचा बुलबुलतरंग आठवतो. अमेरिकेतला बँजो वेगळा. गोल कड्यावर ताणलेला चामड्याचा पडदा, लांब मान, पाच तारा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तिकडच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांवरून तो घडवला. मेम्फिसचा गस कॅनन आणि व्हर्जिनियाचा खाणकामगार डॉक बॉग्ज या दोघांनी १९२७ मध्ये त्यावर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी, ध्वनिमुद्रित केला.

पडदा अतिशय हलका असल्यामुळे घोडीकडून (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) आलेला तारेचा कंप तो झटकन हवेला देऊन टाकतो. म्हणून आवाज मोठा येतो आणि पटकन विरतो. लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तारेवर टिकत नाही, ती गळ्यानेच घ्यायची.

तारा जुळवायच्या नेहमीच्या ‘ओपन जी’ मेळात जी या पाश्चात्त्य सुराला सा मानलं, तर चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत मंद्र पंचम, सा, शुद्ध गंधार, पंचम असे सूर येतात. आखूड पाचवी तार वरचा सा देते. ब्लूजचा जीव असलेला गंधार मात्र कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पहिल्या तारेच्या आठव्या पडद्यावर (इथे पडदा म्हणजे मानेवरची धातूची पट्टी) वरच्या सप्तकातला कोमल गंधार मिळतो. तिथे तार आत, दुसऱ्या तारेकडे ढकला. बाहेर ओढली तर मानेवरून घसरते. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, त्यामुळे पाव स्वर चढवायला ताण सुमारे ६ टक्के, अर्धा स्वर चढवायला सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो. पाव स्वरावर थांबा. तार ढकलताना घोडीचा दाब वाढून चामडं खचतं आणि बाकीच्या तारा किंचित उतरतात. चामडं ढिलं असेल, पावसाळी हवेत ते होतंच, तर जास्तच. ते ताणायला कड्याचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, एका वेळी नटाच्या एक अष्टमांश फेऱ्याइतकेच आवळा, नाहीतर कडं तिरकं बसतं.

गाताना सर्वांत जास्त बिघडतं ते मोकळ्या दुसऱ्या तारेमुळे. गळा मधल्या गंधारावर आणि तार शुद्ध गंधारावर, हे कानाला बोचतं. तेवढ्या वेळेपुरती ती तार वाजवू नका, किंवा अर्धा स्वर उतरवून घ्या. मग पहिल्या पडद्यावर बोट आपटलं की कोमलावरून शुद्धावर जाता येतं.

ब्लूजच्या १२ बारच्या चालीत (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा) ओळ साधारण दोन बारांत संपते, पुढचे दोन बार बँजोने उत्तर द्यायचं. गळ्याखाली सतत बोटं चालवली तर उत्तराला काही उरत नाही. नवव्या बारात डी कॉर्ड (डीवर उभा, एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) आला की पाचवी तारही गप्प ठेवा, तिचा जी त्यात खटकतो.

गाण्याची पट्टी उंच हवी असेल तर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. पण कॅपो पाचव्या तारेला धरत नाही. तिला सातव्या पडद्याशी बसवलेल्या छोट्या खिळ्याखाली अडकवा; नुसती खुंटी पिळत चढवली तर तुटायची भीती असते.