पोर्शे करेरा जीटी : बाजारमूल्य आणि बाळगण्याचा खर्च

करेरा जीटी ही जर्मनीतील पोर्शे कंपनीने लाइपझिगच्या कारखान्यात 2003 ते 2006 या काळात बांधलेली दोन आसनी, उघड्या छताची स्पोर्ट्‌स कार. तिचे 5.7 लिटरचे, दहा सिलिंडरचे व्ही-आकाराचे इंजिन मुळात फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी आखलेल्या आणि पुढे गुंडाळलेल्या प्रकल्पातून आले. ताकद 612 अश्वशक्ती, कमाल वेग ताशी 330 किमी, सांगाडा कार्बन फायबरचा आणि गिअर हाताने टाकायचे. 1,500 गाड्या काढण्याचा बेत होता; प्रत्यक्षात 1,270 निघाल्या. आधुनिक संग्राह्य मोटारींचा बाजार कसा चालतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल, कारण जे गुण हिची किंमत वाढवतात तेच खिसाही रिकामा करतात.

अमेरिकेत नव्या गाडीची किंमत सुमारे 4 लाख 40 हजार डॉलर होती. गाडी शोरूममधून बाहेर पडली की भाव उतरतो, हा नियम सुरुवातीला हिलाही लागू पडला. 2008 च्या मंदीनंतर वापरलेली करेरा जीटी मूळ किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळत होती. मग वारे फिरले. बड्या कंपन्यांनी वेगवान गाड्यांतून क्लच पेडल काढून टाकले, टर्बो आणि बॅटरी आल्या, आणि स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेली ही हाती गिअरची गाडी एका युगाची शेवटची खूण ठरली. 2021 मध्ये दहा लाख डॉलर ही नेहमीची किंमत झाली आणि 2022 मध्ये अगदी कमी धावलेल्या गाड्या लिलावात 20 लाखांच्या घरात गेल्या. त्यानंतर भाव काहीसे निवळले.

असे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. लिलावगृहे जाहीर करतात त्या रकमेत खरेदीदाराकडून घेतले जाणारे कमिशन बहुधा धरलेले असते, आणि ते साधारण 10 ते 12 टक्के भरते. विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. शिवाय विक्रमी भाव मिळतो तो जेमतेम काहीशे मैल धावलेल्या गाडीला. तो भाव वीस हजार मैल झालेल्या गाडीला लावून हिशेब करणारे पुष्कळ, आणि फसतातही तेच.

एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांच्या भावातला फरक बव्हंशी कागदपत्रांवर ठरतो. सर्व्हिसच्या नोंदी सलग हव्यात, मूळ रंग शाबूत हवा, अपघाताचा इतिहास नको. गाडीसोबत दिलेल्या चामड्याच्या बॅगा आणि अवजारे जागेवर आहेत का, हेही पाहिले जाते. छताचे काढून ठेवता येणारे दोन्ही कार्बन तुकडे हरवलेले असतील तर ते पुन्हा मिळवणे हे वेगळेच काम.

खर्चाची चर्चा क्लचपासून सुरू होते. तो सिरॅमिक संमिश्राचा असून त्याचा व्यास फक्त 169 मिमी आहे. व्यास लहान ठेवल्याने इंजिन खाली बसवता आले, पण चालवणाऱ्याची परीक्षा वाढली. गाडी जागेवरून हलवताना अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. क्लच हलकेच सोडायचा, इंजिनाचे फेरे गाडीचा संगणकच सांभाळतो. सवयीने रेस देऊन हाफ क्लचवर गाडी काढणारा दरवेळी पैसे जाळत असतो. नवा क्लच मजुरीसह 20 हजार डॉलरच्या वर जातो. म्हणून जाणकार खरेदीदार आधी क्लच किती झिजला आहे ते मोजून घेतो आणि मगच भावावर बोलतो.

टायरचा मुद्दा तर जिवाशी खेळणारा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘2204’ म्हणजे 2004 चा बाविसावा आठवडा. कमी धावलेल्या गाडीवर बऱ्याचदा कारखान्यातून आलेलेच टायर असतात; नक्षी नव्यासारखी दिसते, रबर मात्र कडक झालेले असते. नोव्हेंबर 2013 मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र मरण पावले, त्या करेरा जीटीचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासयंत्रणेने वेगालाच मुख्य कारण ठरवले, पण टायरचे वयही नोंदवले. ‘मूळ टायर कायम’ असे जाहिरातीत मिरवणे त्यानंतर तरी थांबायला हवे होते.

उभ्या गाडीलाही खर्च असतोच. 2023 मध्ये कंपनीने चाकांना धरून ठेवणाऱ्या विशबोनमधील सांधे गंजून व ताणाने तुटू शकतात म्हणून गाड्या परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत अशा 489 गाड्या होत्या. दुरुस्ती फुकट, पण सुटे भाग लगेच हाती नव्हते आणि तोवर गाडी चालवू नका असे मालकांना सांगण्यात आले. विम्याच्या बाबतीत घसारा वजा करणारी साधी पॉलिसी इथे कुचकामी. मालक आणि विमा कंपनी मिळून गाडीचे मूल्य आधीच ठरवतात आणि भाव चढला की ते वाढवून घ्यावे लागते. करांचे नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही, हे तिथल्या संग्राहकांच्या उत्साहाचे एक साधे कारण.

भारतातल्या हौशी माणसाला मात्र हा हिशेब कागदावरच करावा लागतो. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा नियम आहे. करेरा जीटी तर कारखान्यातूनच केवळ डाव्या स्टिअरिंगची निघाली.